मुकी गिरणी

सलग चौथ्या दिवशी गिरणीत दळणाचा एकही डबा आला नाही, तेव्हा हे माझ्यावर उखडलेच. "घे! लोकांना सोलरचं पीठ नकोय!"

दोन वर्षांत विहिरींवरचे पंप, देवळातले दिवे, सगळं गाव उन्हावर चालायला लागलं होतं. आमची गिरणीच तेवढी डिझेल पीत होती. पत्र्यावर पॅनल बसवा म्हणून मीच मागे लागले होते. जुनं इंजिन तर भंगारातही गेलं.

तेवढ्यात हौसामावशी डोक्यावर डबा घेऊन रस्त्यानं जाताना दिसल्या.

"कुठं निघालाय, मावशी?"

"शेजारच्या गावाला, दळायला. तुमची गिरणी बंद पडलीया न्हवं? चार दिस कुक-कुक ऐकू आलं न्हाई."

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तीस वर्षं इंजिनाचं धुराडं कुक-कुक करायला लागलं, की मगच गाव दळण काढायचं! नवी मोटर पुटपुटतसुद्धा नव्हती. मी पदर खोचला, गिरणीच्या ओट्यावर चढले आणि घसा ताणून ओरडले, "कुक! कुक! कुक!"

ह्यांनी लाजून तोंड फिरवलं. दुपारपर्यंत डब्यांची रांग लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घरी चहा पीत होतो, तोच गिरणीकडून आवाज आला, "कुक! कुक! कुक!" बायका डबे घेऊन गिरणीच्या दारात उभ्या होत्या आणि आम्हालाच बोलावत होत्या.

हे कप ठेवून उठले. "चल, इंजिन सुरू झालं."