सात चौकोन

उपासना सुरू व्हायला दहा मिनिटं होती आणि चर्चच्या पायरीवर बसून आई पर्समध्ये काळा पेन शोधत होती. सोमवार-मंगळवार निळ्यात उरकले होते.

रविवारच्या शाळेचं पत्रक होतं. घरी सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली की त्या दिवसाच्या चौकोनात पालकाने सही करायची. आठवड्याचे चौकोन सात. आई कारखान्यात हजेरीपट सांभाळायची. आठवडाभराच्या सह्या एकाच शाईत दिसल्या की कामगाराला तिथल्या तिथे पकडायची. म्हणून स्वतः दोन पेन बाळगायची.

“बुधवार निळ्याने कर,” सहा वर्षांची चिमी म्हणाली. “गेल्या बुधवारी काळा होता.”

“गप गं. बूट पूस आधी.”

“आज रात्री खरंच करायची ना प्रार्थना?”

“करू गं. आज नक्की.”

हे ‘आज नक्की’ गेल्या रविवारीही झालं होतं. त्याच्या आदल्या रविवारीही.

उपासनेनंतर शाळेच्या बाईंनी चिमीला पुढे बोलावलं. वर्षभरात एकही चौकोन रिकामा नाही, असं हे एकच घर! माना वळल्या. आईने पदर सारखा केला.

“सांग बरं चिमे, घरी प्रार्थना कशी करता?”

चिमीने आईकडे पाहिलं. आई उठायला गेली आणि उठता उठता पुन्हा टेकली.

“जेवण झालं की टीव्ही बंद करतो,” चिमी म्हणाली. “मग आई वचन वाचते. बाबा गुडघे टेकतात. त्यांचे गुडघे दुखतात, तरी टेकतात.”

लोक कौतुकाने हसले. बाबांनी गीतांचं पुस्तक उघडून त्यात डोकं घातलं. पुस्तक उलटं होतं.

“बघा, याला म्हणतात घरचे संस्कार!” बाई म्हणाल्या, आणि नव्या वर्षाचं कोरं पत्रक त्यांनी चिमीच्या हातात दिलं.

चिमी बाकावर परत आली. आईला तिच्याकडे बघवेना.

“चिमे,” आई हळूच म्हणाली, “आज रात्री खरंच करू हं. देवाशप्पथ.”

चिमीने आईचा हात थोपटला, आजारी माणसाचा थोपटावा तसा.

“असू दे गं आई. यंदा एक हिरवा पेनपण घेऊ या.”