मांडवाच्या दोरीबाहेर

सुज्ञ वाचकहो, परमुलुखी येऊन राहिलेल्या एका मनुष्याच्या एका सायंकाळची हकिकत मी पुढील ओळींत निवेदन करणार आहे. ती वाचताना आपण क्षणभर त्याच्या जागी उभे राहावे, एवढीच नम्र विनंती.

"आज तुम्ही आत यायचं नाही, साहेब," उत्सवाचा चिटणीस म्हणाला आणि त्याने मांडवाची दोरी दोन्ही हातांनी धरून ठेवली.

परदेशी फिटर जागीच खिळला. त्याच्या हातांत नवी कोरी झांज होती.

गिरणीतील यंत्रे जोडण्याकरिता तो सातासमुद्रापलीकडून या गावी आला होता. येथील भाषा तो कामगारांच्या तोंडून शिकला. तेव्हा शिव्या आधी आल्या आणि व्याकरण मागाहून. प्रत्येक सणाला त्याचा मान मोठा असे. उत्सवात पहिल्या रांगेत खुर्ची, अंगावर शाल, हातात नारळ. दिव्यांच्या सणाला पहिला दिवा त्याच्या हस्ते लागे. रंगांच्या सणाला सारी गल्ली ओळखू न येण्याइतकी रंगून जाई. त्याच्या कपाळी मात्र कोणीतरी करंगळीने एक टिकली लावी आणि अदबीने मागे सरे. त्या टिकलीने त्याला झोप येत नसे.

"मला बसवू नका, कामाला लावा," अशी त्याने कितीदा विनवणी केली. अखेर यंदा चिटणीस म्हणाला, "बरं बाबा, आरतीची झांज तुमची!" तेव्हापासून तो घरमालकिणीच्या स्वयंपाकघरातील झाकणांवर सराव करू लागला. तिला तो मावशी म्हणे. जेवणही तिच्याच हातचे. "देव येईल तेव्हा येईल," मावशी म्हणे, "माझी झाकणं मात्र आत्ताच चपटी झाली!" तिचे यजमान, म्हणजे काका, पूर्वी शिंप्याचे काम करीत. आरतीचा पहिला आवाज वर्षानुवर्षे त्यांचाच. तेच गुडघ्यावर बोटे आपटून त्याला ठेका शिकवीत.

आणि आज सकाळी फोन आला. त्याची आई गेली होती. "तू पोहोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असेल, येऊ नकोस," बहीण म्हणाली. त्याने ही वार्ता फक्त मावशीला सांगितली. मावशी हातातले काम टाकून त्याच्याजवळ बसून राहिली. तदनंतर दिवसभर गिरणीत त्याच्या हातून एक बोल्ट धड आवळला गेला नाही. संध्याकाळ कधी होते, एवढेच तो पाहत होता. आरतीच्या कल्लोळात झांज वाजवीत मनसोक्त रडता येईल, कोणाला ऐकू जाणार नाही, असे त्याच्या मनात होते.

"पण का?" त्याने विचारले.

"तुम्हाला सुतक आहे. आई गेली ना तुमची?"

"सुतक म्हणजे?"

"म्हणजे… विटाळ. देवाजवळ यायचं नसतं. राग मानू नका."

"मी तुमच्या धर्माचा नाही. मग तुमचा विटाळ मला कसा?"

चिटणीसाने डोके खाजवले. "ते मला नका विचारू. मावशीच सांगून गेल्या."

आत आरती सुरू झाली. आज कोणाचा तरी कोवळा आवाज पुढे होता. तो वर चढला, फाटला आणि बाकीचे वाटेल तेथे मिसळले. असे पूर्वी कधी झाले नव्हते. परंतु त्याचे कारण शोधण्याइतके त्याचे चित्त ठिकाणावर नव्हते.

तो तरातरा घराकडे निघाला. शालीपुरता मी चालतो, दुःखात मात्र बाटलेला! ज्या घरचे मीठ खाल्ले, त्याच घराने ते जखमेवर चोळावे ना! उद्याच गिरणीच्या साहेबांना सांगून कायमचे निघून जावे, असा त्याने निश्चय केला.

त्याने दार ढकलले. घरात देव्हाऱ्यापुढे दिवा नव्हता. भिंतीला टेकून काका डोळे मिटून बसले होते आणि त्यांची बोटे गुडघ्यावर ठेका धरीत होती. दुरून मांडवातला सूर आला, तसे त्यांचे तोंड वाकडे झाले. "चुकलं गाढव! या कडव्याला खाली यायचं, हे वर चढलंय."

"काका, तुम्ही इथे?"

स्वयंपाकघरातून मावशी बाहेर आली. त्याने झांज जमिनीवर आदळली. ती सबंध घरभर घुमली. मावशीने वाकून तिच्यावर हात ठेवला आणि तिला गप्प केले.

"तुम्ही सांगितलंत त्यांना!" तो ओरडला.

"मग काय लपवू? आई गेलीय तुझी."

"आणि काका का गेले नाहीत?"

"कसे जातील? एका चुलीवर जेवतो ना आपण? घरातलं माणूस गेलं की सगळ्या घराला सुतक. आता शेजारीण येईल, ती लावेल देवाला दिवा."

तो त्या अंधाऱ्या देव्हाऱ्याकडे वळला. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "पण मावशी, मी तर परका."

"भटजीही हेच म्हणाले," मावशी पदराने नाक पुसत म्हणाली. "'परक्याला कसलं आलंय सुतक, खुशाल वाजवू द्या त्याला.' म्हणून तर आज मांडवाच्या दोरीबाहेर उभं राहून माझं नि त्यांचं भांडण झालं."

आपला अमूल्य वेळ देऊन ही छोटी कथा वाचल्याबद्दल सर्व वाचकांचा मी अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
निवृत्ती भागुजी कोठुळे