आयोवातले आप्पा

सकाळी अकरा वाजेपर्यंत शेखर तीन अमेरिकन शेतकरी होऊन बसला होता. एक आयोवाचा, एक कॅन्ससचा आणि एक नेब्रास्काची विधवा, तीनशे एकर मका एकटीने सांभाळणारी. विधवेचं पत्र जरा जास्तच छान जमलं. वाचताना त्याचेच डोळे पाणावले, आणि मग त्याला स्वतःची लाजही वाटली.

मुंबई नाक्याजवळच्या त्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, असे बारा जण बसत. काम सोपं होतं. अमेरिकेतल्या एका बड्या कंपनीच्या तणनाशकाचा परवाना संपत आला होता. तो वाढवावा की नाही, यावर तिकडच्या सरकारी खात्याने जनतेचं मत मागवलं होतं. जनतेचं मत नाशिकमध्ये तयार होत होतं.

"आज शेवटचा दिवस," मॅनेजर ललित सर रांगेतून फिरत म्हणाले. "परत सांगतो, त्रासाचं एक अक्षर नको. शरीराला इजा झाल्याचं एक जरी पत्र तिथे खरं धरलं गेलं ना, तर चौकशी लागते. चौकशी लागली की विक्री बंद. कळलं?"

"हो सर," बारा जण म्हणाले. शेखरचा आवाज त्यात सगळ्यात मोठा होता.

तेच तणनाशक त्याच्या वडिलांनी, आप्पांनी, सायखेड्याच्या द्राक्षबागेत बावीस वर्षं पाठीवरच्या पंपाने मारलं. आता आप्पांचे हात थरथरायचे थांबत नाहीत. वय झालं, असं डॉक्टर म्हणाले आणि घरातल्यांनीही तेच धरून ठेवलं. शेखरही वयच म्हणायचा. मग ऑफिसात पहिल्याच दिवशी त्याच्या हाती एक यादी आली, पत्रात कुठले शब्द टाळायचे त्याची. पहिलाच शब्द होता, हातांचा कंप.

हे तो घरी सांगू शकला नाही. बाहेर काही न बोलण्याच्या कागदावर त्याने सही केली होती. बायकोनेही, तेजस्विनीनेही, तसलीच सही केली होती. ती त्याच इमारतीत पाचव्या मजल्यावर दुसऱ्या एका कंपनीत होती. तिचं कार्ड वेगळं, लिफ्ट वेगळी. गेले तीन महिने ती लाल डोळे घेऊन घरी यायची. तो विचारायचा नाही, तीही नाही.

सकाळचं मात्र ठरलेलं असे. आप्पांना कप धरवत नाही. तेजस्विनी चहा बशीत ओतायची, फुंकर घालायची आणि बशी त्यांच्या ओठांना लावायची. "पोरी, तुला उशीर व्हतोय," आप्पा म्हणायचे. "नाही होत," ती म्हणायची, आणि तिला रोज उशीर व्हायचा. शर्टाची बटणं शेखर लावून द्यायचा.

दुपारी डबा उघडला आणि धाकट्या भावाचा, रोहितचा फोन आला. बाग आता तोच बघतो.

"दादा, तणाचं औषध संपलंय, तेच परत घेऊ का? दुकानदार म्हणतो, अमेरिकेत चालतंय, म्हंजी काय भ्या नाय."

"नको घेऊ."

"मग गवत काय हातानं उपटू? मजूर मिळंना." रोहितने आवाज खाली आणला. "आन् एक हाय. आप्पांना नको सांगू. आठ दिस झालं, सकाळी बटणं लावाया लय येळ लागतोय मला."

शेखरने डबा तसाच मिटला. त्याला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त संताप आला, तोही स्वतःचाच. नेब्रास्काच्या विधवेसाठी रडणारा हा माणूस!

ज्यांच्या नावाने पत्रं लिहायची, त्या यादीत आयोवाचं एक नाव उरलं होतं. त्या खुर्चीत बसून शेखरने पहिल्यांदा खरं लिहिलं. पाठीवर गळणारा पंप, थरथरणारे हात, सकाळचा चहा, बटणं, धाकट्या मुलाची बोटं. घरात जसं घडत होतं तसंच. फक्त द्राक्षांचा मका केला आणि सायखेड्याचं आयोवा.

ललित सर पाठमोरे असताना त्याने पत्र पाठवून दिलं. इतक्या दिवसांचं पाप या एका पत्राने फिटेल, असं त्याला खरंच वाटलं. घरी जाताना त्याने रोहितला फोन केला. "महिनाभर कळ काढ. तिकडेच बंद होणार आहे."

तीन आठवड्यांनी तेजस्विनी संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आली.

"संपलं बाई एकदाचं काम! आता सांगायला हरकत नाही." ती चहा घेऊन आप्पांसमोर बसली. "अमेरिकेच्या सरकारचं काम होतं. लोकांची पत्रं वाचायची आणि खरी कुठली, बनावट कुठली, ते निवडायचं. चार हजार पत्रं वाचली आम्ही."

शेखर उभाच राहिला. "कसली पत्रं?"

"कुठल्याशा तणनाशकाची. शेतकऱ्यांची. एका विधवेचं वाचून तर मी रडले. ललित सर म्हणाले..."

"ललित सर? ते वर कुठून आले?"

"वरची कंपनीही त्यांचीच आहे, भावाच्या नावावर. तुला माहीत नव्हतं?" तिने बशीत चहा ओतला. "माझं तर सगळ्यांसमोर कौतुक केलं. एक बनावट पत्र मी पकडलं. ते लगेच रद्द झालं. परवानाही काल वाढवून मिळाला म्हणे."

शेखरने विचारलं, "बनावट कशावरून?"

ती हसली. बशीवर फुंकर घालून तिने ती आप्पांच्या ओठांना लावली.

"अरे, म्हणे आयोवाचा शेतकरी, आणि सून त्याला बशीने चहा पाजते! अमेरिकेत कोण करतं असं? चार हजारांत तेवढं एकच खोटं होतं."