गाणं साफ होईपर्यंत

“अजून ‘लवकरच’ असंच लिहिलंय,” लॅपटॉपकडे बघत कृपा म्हणाली.

“म्हंजी कवा?” दयाबाईंनी पलंगावरून विचारलं.

“ते त्यांनाच माहीत, आई.”

चार वाजता गाडी येणार होती. दयाबाईंना पुण्याला दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. सोमवारी सकाळी हृदयाचं ऑपरेशन. या वयात धोका आहे, हे डॉक्टरांनी लपवलं नव्हतं. त्यावर दयाबाईंनी एकच मागणं केलं होतं. जायच्या आधी ती जुनी कॅसेट नीट ऐकायची.

कॅसेट इथल्याच, शिरूरच्या चर्चमधल्या नाताळच्या उपासनेची होती. दयाबाई तेव्हा पंचविशीत होत्या आणि सगळ्या मंडळीत त्यांच्यासारखा गळा कुणाचा नव्हता. पण गाण्याच्या आणि पेटीच्या खाली कुणाचं तरी तान्हं मूल रडत होतं. कृपा दौंडला राहायची आणि तिथल्या चर्चच्या गायकमंडळाचं रेकॉर्डिंग करायची. तिनं कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, पण रडणं काढायला जावं तर आईचा आवाजही डब्यातून आल्यासारखा व्हायचा. मग तिच्या सॉफ्टवेअरचं नवं अपडेट जाहीर झालं. जुन्या रेकॉर्डिंगमधला एकेक आवाज अलग करणारं. कंपनीनं आधी बुधवार सांगितला, मग शुक्रवार. आज रविवार उजाडला होता.

कृपा सकाळपासून चहाही धड प्याली नव्हती. त्यांची ती एकुलती एक लेक. आईनं जन्मात काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं तेही कुठल्या तरी परक्या कंपनीच्या हातात.

“वेगळं करताना पुसून तर न्हाई ना जायचं?” दयाबाईंनी विचारलं.

“तुझा आवाज? अजिबात नाही. मूळचं जपून ठेवलंय मी.”

दयाबाई उशीला टेकल्या.

“पण कुणाचं पोर होतं गं ते?” कृपानं विचारलं. “एवढ्या छान गाण्याची माती केली.”

कृपाचे वडील पीटर दाराशी पिशवीत टॉवेल भरत होते. त्यांनी पिशवीची चेन ओढली. “उपासनेत पोरं रडायचीच,” ते म्हणाले. “तू बघ, आलं का.”

आलं नव्हतं. गाडी मात्र आली, तीही वेळेच्या आधी. ड्रायव्हर पोपटराव पायरीशी येऊन म्हणाला, “निघू लगेच, मामा. शिक्रापूरला लई गाड्या तुंबल्यात.”

दयाबाईंनी चपला घातल्या. कृपानं लॅपटॉप मिटायला हात घातला आणि शेवटचं म्हणून पान पुन्हा उघडलं. ‘लवकरच’च्या जागी निळं बटण होतं.

“आलं!” ती ओरडलीच.

मोबाईलचं नेट जोडलं. पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली. मध्येच अडली. कृपा फोन घेऊन खिडकीत जाऊन उभी राहिली. बाहेर हॉर्न वाजला.

“मामा, उशीर हुतोय!”

“थांबा म्हणलं ना!” पीटर गरजले. त्यांचा एवढा चढलेला आवाज कृपानं कधी ऐकला नव्हता. दयाबाई चपला घालून तशाच बसून राहिल्या, पदराचं टोक मुठीत धरून.

अखेर पट्टी भरली. कृपानं गाणं आत टाकलं. थोड्या वेळानं पडद्यावर तीन रेघा उमटल्या. एक गळ्याची, एक पेटीची, एक बाकीच्या आवाजांची. तिनं पहिली लावली.

खोलीत पंचविशीतल्या दयाबाई गाऊ लागल्या. आवाज झऱ्याच्या पाण्यासारखा नितळ. कृपाचे डोळे भरून आले. “बघ आई, रडण्याचा मागमूस नाही.”

“छान झालं,” दयाबाई म्हणाल्या. “आता ती खालची लाव.”

“त्यात नुसतं रडणं आहे गं.”

“व्हय. तीच लाव.”

कृपानं गाणं थांबवलं आणि खालची रेघ लावली. तान्ह्याचं रडणं आलं, बारीक, हुंदके देत, अगदी जवळून. पीटरनी उठून पंखा बंद केला. दयाबाई पुढं वाकल्या, लॅपटॉपवर हलकेच थोपटू लागल्या. “उगी रं जॉय, उगी. झालंच माझं गाणं.”

कृपानं वडिलांकडे पाहिलं.

“तुझ्या आधीचा,” पीटर म्हणाले.