चौदा नंबरची वाटी

चौदा नंबरची वाटी आजही भरलेली परत आली. ट्रॉलीवालीने ती खरकट्या भांड्यांत न टाकता ओट्यावर वेगळी ठेवली.

"काकू, हातसुद्धा लावलेला नाही."

दवाखान्याच्या स्वयंपाकघरात काकू पहाटे पाचपासून उभ्या होत्या. साठ वाट्या ओट्स, दोन मोठी पातेली चहा, मग भांडी. पाय सुजून चपलेच्या पट्ट्यांबाहेर आले होते. निवृत्तीला सात महिने उरले होते. एका वाटीचं एवढं मनाला लावून घ्यायचं वय राहिलं नव्हतं, तरी ती वाटी डोक्यातून जात नव्हती.

सोमवारी त्यांनी ओट्स दुधात शिजवून वर दालचिनीची पूड भुरभुरली होती. मंगळवारी पिकलेलं केळं कुस्करून घातलं. बुधवारी रात्रभर दह्यात भिजवलेले दिले, वर किसलेलं सफरचंद. काल आधी कोरडेच खरपूस भाजले, मग शिजवून मध घातला. गोडाचा कंटाळा आला असेल म्हणून आज लोण्यावर कांदा परतला, गाजर टाकलं, मिरपूड टाकली. बाकीच्या वाट्या चाटूनपुसून आल्या होत्या.

"उद्या नाकातून नळी घालणार त्यांना," ट्रॉलीवाली म्हणाली. "वजन उतरत चाललंय. कागदावर लिहिलंय, सकाळचं अन्न नाकारतात."

काकूंनी वाटी छोट्या पातेल्यात पालथी केली, घोटभर गरम पाणी घालून ढवळली आणि परत भरली.

"तुम्ही कुठे निघालात? लिफ्ट बंद आहे."

"माहीत आहे."

पहिल्या जिन्याच्या वळणावर त्या कठड्याला धरून थांबल्या. एवढ्या वर्षांत त्या दोनदाच वर गेल्या होत्या. एकदा हरवलेले चमचे शोधायला आणि एकदा सासूबाई गेल्या तेव्हा.

चौदा नंबरची खाट खिडकीशी होती. खाटेवर एक किडकिडीत म्हातारा उशीला टेकून बसला होता. दाढी चार-पाच दिवसांची. शेजारच्या टेबलावर गार झालेला चहा तसाच होता.

"मी खालची, स्वयंपाकघरातली," काकू म्हणाल्या. "तुमच्या वाटीपायी माझी झोप उडालीय. माझं काय चुकतंय ते एकदा सांगून टाका."

म्हाताऱ्याने वाटीकडे पाहिलं. "तुमचं काही चुकत नाही. लोण्यावर कांदा परतलाय. गाजरही आहे."

"खाऊन तर बघितलं नाहीत."

"वास येतो ना. अर्धा तास इथेच असते वाटी. काल भाजलेले होते. सोमवारी दालचिनी. बुधवारचं दही जरा आंबट होतं."

दही खरंच आंबट होतं. त्यांनी वाटी पुढे धरली. म्हाताऱ्याने ती घेतली नाही. तेव्हा त्यांचं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. डावा हात फळीला बांधलेला, त्यात सलाईनची सुई. उजवा पांघरुणावर पडला होता, कोणीतरी ठेवून विसरून गेल्यासारखा.

"हा कधीपासून?"

"तीन आठवडे झाले. सकाळी उठलो आणि हा उठलाच नाही." तो किंचित हसला. "दुकानांच्या पाट्या रंगवायचो मी. याच हाताने."

"मग सांगायचं ना कोणाला तरी, भरवा म्हणून."

"पहिल्या दिवशी कोपराने वाटी ओढायला गेलो. सगळी चादरीवर. वॉर्डातल्या मुलीने चादर बदलली, चकार शब्द काढला नाही. पण अजून वीस खाटा होत्या तिच्यामागे." त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. "दुपारी माझी लेक येते, ती भरवते. सकाळी पोटभर खाल्लं म्हणून सांगतो तिला. नाहीतर नोकरी सोडून सकाळीही येईल ती."

काकूंनी खाटेखालचं स्टूल पायाने ओढलं आणि त्यावर बसल्या. पाचपासून पहिल्यांदाच बसल्या होत्या. गुडघे करकरले. त्यांनी चमचा भरला, फुंकला आणि पुढे केला.

पहिल्या चमच्याला त्याने नजर खाली वळवली. दुसऱ्यालाही. चौथ्या-पाचव्या चमच्यानंतर तो वाटीकडे बघायला लागला.

अर्ध्याच्या वर वाटी संपली तेव्हा नर्स आली. तिने चमच्याकडे पाहिलं, मग पांघरुणावरच्या हाताकडे. खाटेला अडकवलेला कागद काढून एक ओळ खोडली आणि लिहिलं, 'भरवावे लागते.' लिहून झाल्यावरही ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली.

"नळीचं काय?" काकूंनी विचारलं.

"डॉक्टर फेरीला आले की सांगते. लेखी नोंद आहे आता." एवढं बोलून ती पुढच्या खाटेकडे गेली.

काकूंनी पुन्हा चमचा भरला. म्हाताऱ्याने मान हलवली. "बास. आता नाही जात." मग त्याने विचारलं, "तुम्ही काही खाल्लंत का सकाळपासून?"

काकूंना आठवावं लागलं. "आमचं दहानंतर. तेही उरलं तर."

"हे उरलंय."

त्यांनी दाराकडे पाहिलं. कोणी येत नव्हतं. खालून भांड्यांचा आवाज येत होता आणि तो आज दुसरंच कोणीतरी करत होतं. गार चहाच्या कपातला चमचा त्यांनी उचलला, ॲप्रनला पुसला आणि वाटी मांडीवर घेतली.

"कसं झालंय?" म्हाताऱ्याने विचारलं.

काकू सावकाश चावत राहिल्या.

"मीठ थोडं कमी पडलंय," त्या म्हणाल्या आणि दुसरा घास घेतला.