आठवा वार

आमच्या गावचा आठवडा खरोखरच आठ दिवसांचा. झरा एक, घरं आठ, एकेका घराला एकेक दिवस पाणी. खोटं वाटत असेल तर जैतुनाच्या झाडांना विचारा. पणजोबांनी रचलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या मळ्यांवर हॉटेल बांधायला आलेल्या साहेबाला सात घरांनी सही नाकारली, तेव्हा तो आठव्या घरच्या उम्म जुमानाकडे गेला. शिरकाव करायला एक सहीही त्याला पुरली असती. पुदिना खुडत म्हातारी म्हणाली, "करते की! आमच्या पाण्याच्या वारी ये, बाळा." साहेबाने डायरी उघडली. "कुठला वार?" "शनिवारनंतरचा, रविवारच्या आधीचा." पानं उलटत साहेब टेकडी उतरला, तो अजून उलटतोच आहे. इकडे तो वार नेमाने उजाडतो, झऱ्यात पाय सोडून बसलेली म्हातारी रिकाम्या रस्त्याकडे बघत म्हणते, "आजही नाही आला मेला! शब्दाचा अगदीच कच्चा निघाला."