मोकळं कपाळ

१९५९ साल. मैलापूरच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये गिंडीच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचे अधिकारी टायपिस्ट निवडायला येणार होते. सरोजा निघाली तेव्हा तिच्या सासूबाईंनी, भवानीबाईंनी, तिला देवापुढे थांबवलं. सरोजाचा नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती आणि घरात मिळवतं कुणी उरलं नव्हतं.

"मोकळं कपाळ दिसलं की लोक तोंड फिरवतात. मग तुझं टायपिंग कोण बघणार गं?" असं म्हणत त्यांनी करंड्यात बोट बुडवलं आणि सुनेला कुंकू लावलं. "माझ्या लेकाला वाईट वाटायचं नाही यात. मी आई आहे त्याची."

दोघी बरोबरच गेल्या. भवानीबाई बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या.

आत एका अधिकाऱ्याने सरोजाने टाइप केलेला कागद दोनदा वाचला. एकही चूक नव्हती. मग त्याने तिच्या कपाळाकडे पाहिलं आणि अर्ज तिच्यापुढे परत सरकवला.

"काम उत्तम आहे, अम्मा. पण लग्न झालेल्या बायका वर्षभरात सोडून जातात. म्हणून या जागेवर आम्ही विधवा बाईच घेतो."

सरोजाने पदर कपाळापर्यंत नेला. उघड्या दारातून भवानीबाई तिच्याकडेच बघत होत्या.

 

कुंकू सांभाळून तिने फक्त घाम पुसला आणि अर्ज उचलला.